सोडून दिलेला मासा

नियम मोडल्यावर मनाला टोचणी लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु नियम अक्षरशः पाळूनही मन स्वस्थ होत नाही, असा अनुभवही आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी चूक कोठे असते? नियमात, की आपल्या मनात? की नियम ज्या क्षणी आपल्यापुढे येऊन उभा राहतो, त्याच्या कितीतरी आधी आपल्या हातून काही घडून गेलेले असते? माझ्यापुढे हा प्रश्न एका माशाने उभा केला, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

मी मूळचा प्रवरेच्या खोऱ्यातला. आमच्या गावी पाऊस बेताचा, ओढे पावसाळ्यापुरते, आणि मासळी आठवड्याच्या बाजारात दिसेल तेवढीच. पुढे नोकरीनिमित्त सारे आयुष्य इंदूरला गेले. त्यामुळे समुद्रात गळ टाकण्याचा योग वयाच्या साठीनंतर आणि तोही परमुलखात यावा, यात नवल नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातील सिएटल शहराजवळ राहणाऱ्या भाच्याकडे आम्ही उभयता गेलो होतो. भाच्याला गळाने मासे धरण्याचा छंद आहे. सप्टेंबर महिना होता. "मामा, सॅमनचा हंगाम आहे, तुम्हीही चला," असे म्हणून त्याने मला व्हिडबी नावाच्या बेटावर नेले. प्यूजेट साउंड ही समुद्राची लांबलचक खाडी तेथे खुल्या सागराकडे वळते, आणि परतीच्या वाटेवरचे सॅमन त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला अगदी लगटून जातात.

घराकडे निघालेला प्रवासी

सॅमन म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. मुंबईच्या उपाहारगृहांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणण्याची रीत आहे. परंतु रावस हा वेगळ्याच कुळातला मासा असून खऱ्या सॅमनशी त्याचे नाते नाही. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सॅमनच्या पाच जाती आढळतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. पाचांचेही जीवनचरित्र साधारण एकच. डोंगरातील थंड, गोड्या पाण्याच्या ओढ्यात खड्यांखाली घातलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. काही जातींची पिल्ले लगेच, तर काहींची वर्ष-दोन वर्षांनी नदीवाटे समुद्रात उतरतात. तेथे ती वाढतात, आणि पूर्ण वाढ झाली म्हणजे ज्या ओढ्यात जन्मली त्याच ओढ्याकडे परत फिरतात. आपला ओढा ती पाण्याच्या वासावरून ओळखतात, ही गोष्ट विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून प्रयोगांनी दाखवून दिली.

गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन अन्न सोडतो. अंगातील चरबीवर तग धरून, प्रवाहाविरुद्ध पोहत तो वर चढतो. मादी अंडी घालते, नर ती फळवतो, आणि थोड्याच दिवसांत दोघेही मरतात. त्यांच्या कुजलेल्या देहांवर ओढ्यातील किडे पोसले जातात आणि त्या किड्यांवर पुढच्या पिढीची पिल्ले. अस्वले ते देह रानात ओढून नेतात. समुद्रातून आलेला नायट्रोजन त्या ओढ्यांच्या काठच्या झाडांत शास्त्रज्ञांना सापडला आहे.

कोहोची एक मादी अडीच-तीन हजार अंडी घालते. त्यांपैकी ओढ्यापर्यंत परत येणारे मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून आपण ज्याला गळाला लावतो, तो हजारो भावंडांतून वाचून घराच्या उंबरठ्यावर आलेला प्रवासी असतो. गळ हाती घेण्यापूर्वी हे मला ठाऊक नव्हते.

नवशिक्याचा पहिला धडा

नवशिक्याला पहिला धडा मासा कसा धरावा याचा मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. भाच्याने पहिला धडा दिला तो कोणता मासा ठेवू नये याचा.

आदल्या संध्याकाळी परवाना काढला. त्याबरोबर एक नोंदपत्रक मिळाले. ठेवलेल्या प्रत्येक सॅमनची जात, दिवस आणि ठिकाण त्यावर तत्काळ लिहावे लागते. मग भाच्याने चित्रे दाखवून विचारपूस सुरू केली. हिरडी पांढरी आणि शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागावरच ठिपके, तो कोहो. हिरडी काळी आणि शेपटीच्या दोन्ही भागांवर ठिपके, तो चिनूक. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, करंगळीच्या नखाएवढा एक मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर समुद्रात सोडण्यापूर्वी कापतात. ज्याचा तो पर शाबूत, तो नदीत आपोआप जन्मलेला, रानातला मासा समजायचा. नियम हंगामागणिक आणि पट्ट्यागणिक बदलतात. आम्ही जेथे जाणार होतो तेथला नियम असा होता: पर कापलेला कोहो ठेवावा, रानातला कोहो सोडावा, चिनूक तर सोडावाच.

या काटेकोरपणाला कारण आहे. प्यूजेट साउंडमधील रानटी चिनूकची गणना १९९९ साली संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. त्या पाण्यातील ओर्का देवमासे मुख्यतः चिनूकवर जगतात. २००५ मध्ये तेही त्याच यादीत आले.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. वाळू अशी नव्हतीच, सगळे गोटे. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे पहाटेची वेळ आणि भरती-ओहोटी बदलण्याची वेळ जुळून आली, तर काठावरून टाकलेला गळही माशापर्यंत पोहोचतो. हातात नऊ फुटांची लवचीक काठी, रिळावर बारीक दोरी, टोकाला चकाकणाऱ्या धातूचे माशाच्या आकाराचे आमिष, आणि त्याला एकच गळ. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, तो पक्कडीने दाबून सपाट केलेला होता. तसा नियमच आहे, म्हणजे सोडायच्या माशाच्या तोंडातून गळ फाडल्याविना निघतो. आमिष दूर फेकावे, दोन-चार सेकंद बुडू द्यावे, मग थांबत थांबत हलके हिसके देत ओढून घ्यावे. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढू नये, कोरड्या हाताने धरू नये, कल्ल्यांत बोट घालू नये. ठेवायचा असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता डोक्यावर छोट्या दंडुक्याचा घाव घालून त्याचे हाल थांबवावेत. त्या दंडुक्याला इंग्रजी बोलणारे मासेमार 'प्रीस्ट', म्हणजे धर्मगुरू, म्हणतात. कारण तो शेवटचा संस्कार करतो! मी हसलो. तासाभरानंतर तो शब्द आठवला तेव्हा हसू आले नाही.

किनाऱ्यावरचा प्रसंग

सूर्य वर आल्यावर माझ्या दोरीला जोराचा हिसका बसला. काठी वाकली, रीळ करकरू लागले. मासा पाण्यावर उसळला, दोरीभोवती गरगर फिरला, पुन्हा खोल गेला. माझे वय, माझा संधिवात, सारे मी विसरलो. इतका निर्भेळ आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. अखेर तो उथळ पाण्यात आला. रुपेरी, हातभर लांब, देखणा. भाच्याने पाण्यातच जाळे धरले आणि वाकून त्याची पाठ पाहिली. तो छोटा पर शाबूत होता.

"मामा, रानातला आहे. सोडावा लागेल."

पण गळ ओठात नव्हता. तो आत, कल्ल्यांत रुतला होता. भाच्याने पक्कडीने तो काढला, आणि पाठोपाठ रक्त आले. कल्ल्यातून रक्त येणारा मासा सहसा वाचत नाही, हे त्यानेच मला आदल्या दिवशी सांगितले होते.

"जगेल का रे हा?" मी विचारले.

"बहुतेक नाही."

"मग आपण घरी नेऊ. नाहीतरी मरायचाच आहे. अन्न वाया कशाला घालवायचे? आणि येथे पाहायला आहे तरी कोण?"

भाच्याने मान वर केली नाही. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून तो त्याला पाण्यात सरळ धरून होता. म्हणाला, "मामा, जखमी मासा ठेवता येतो असा नियम केला, तर उद्यापासून या किनाऱ्यावरचा प्रत्येक मासा जखमीच निघेल."

त्याने हात सैल केले. मासा निघाला, पाण्यात तांबूस रेघ ओढीत, जरा तिरका. काही अंतरावर तो कुशीवर वळलेला दिसला. समुद्रपक्षी घिरट्या घालू लागले. मी त्या दिवशी भाच्यावर रागावलो होतो. आज वाटते, की तो राग त्याच्यावर नव्हता.

तीन उत्तरे

त्या सकाळी मी काय करायला हवे होते? या प्रश्नाची तीन उत्तरे मला दिसतात, आणि तिन्हींत सत्याचा अंश आहे.

पहिले उत्तर माझ्या तोंडून आपोआप निघाले: अन्न वाया घालवू नये. ज्या घरात भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात, त्या घरात मी वाढलो. प्रभू येशूने पाच हजारांना भोजन दिल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास शिष्यांना सांगितले, हे आपण सर्व जाणतो. मरणारा मासा पाण्यात टाकून देणे म्हणजे जीवही घ्यायचा आणि त्याचा उपयोगही करायचा नाही. या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नाही. समुद्रपक्ष्यांनी आणि खेकड्यांनी तो मासा खाल्ला असेल, म्हणजे सृष्टीच्या हिशेबात तो वाया गेला नाही, असे म्हणता येईल. पण माझ्या हिशेबात? मी एक जीव संपवला आणि त्यातून माझ्या हाती काही आले नाही. दहा मिनिटांचा आनंद तेवढा आला.

दुसरे उत्तर भाच्याचे. नियम एका माशाकडे पाहत नाही, तो माशाच्या वंशाकडे पाहतो. त्या नियमाला किती मान द्यायचा हे गळ टाकणाऱ्यानेच, माशाला हातात धरून, मोहाच्या क्षणी ठरवायचे म्हटले, तर नियम उरतच नाही. माणूस स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश झाला, की निकाल काय लागणार हे आधीच ठरलेले असते. "येथे पाहायला आहे तरी कोण?" हे माझे वाक्य अन्नाच्या काळजीतून आलेले नव्हते. अन्नाची काळजी खरी असती, तर कोणी पाहते की नाही याची मला फिकीर का वाटावी? माझ्या युक्तिवादाची पहिली दोन वाक्ये प्रामाणिक होती. तिसऱ्या वाक्याने पितळ उघडे पडले.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, घरट्यासंबंधी एक छोटी आज्ञा आहे. वाटेत पाखराचे घरटे दिसले, तर पिल्ले घेण्यास मोकळीक आहे; पण आईला जाऊ द्यावे, दोघांना एकत्र घेऊ नये. मी ती लहानपणापासून वाचत आलो. तिचा विचार कधी केला नाही. ती आज्ञा माणसाला उपाशी ठेवत नाही. घेण्याची मुभा देते, आणि त्याच श्वासात घेणाऱ्याचा हात आखडते. उद्या पुन्हा घरटे बांधणारी जी आहे तिला सोड, एवढेच ती सांगते. सॅमनच्या पाठीवरचा तो नखाएवढा पर मला त्या आज्ञेचीच खूण वाटतो.

तिसरे उत्तर सर्वांत कठोर आहे: मुळात गळच टाकायला नको होता. माशाला वेदना होतात का, हा जुना वाद आहे. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट या माशावर, जो पॅसिफिक सॅमनच्याच प्रजातीगटातला आहे, केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतापेशी असतात, आणि ओठांना दाह झाला की तो खाणे थांबवतो, ओठ खड्यांवर घासतो, असे त्यांना आढळले. माशाच्या मेंदूत आपल्यासारखे बाह्यपटल नसल्यामुळे याला वेदना म्हणता येणार नाही, असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. वाद मिटलेला नाही. पण शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, गळ टाकणाऱ्याला की गळाला लागणाऱ्याला, हा प्रश्न शास्त्राचा नाही, नीतीचा आहे. स्वित्झर्लंडने तो एका रीतीने सोडवला. सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरणे तेथे निषिद्ध आहे. खायचे असेल तर धरा. केवळ झुंजीची मौज हवी असेल तर पाण्याजवळ येऊ नका.

एका देशाचा कायदा म्हणतो, सोडा. दुसऱ्या देशाचा म्हणतो, सोडायचाच असेल तर धरू नका. वरवर हे विरुद्ध वाटते. पण पहिला कायदा वंशाची काळजी वाहतो आणि दुसरा त्या एका जिवाची, आणि आपल्याला दोन्ही काळज्या वाहायच्या आहेत. दोघांच्याही मागे एकच प्रश्न उभा आहे: तू पाण्याकडे कशासाठी आला आहेस?

पाहुणा आणि लूट

व्हिडबी बेटासमोरच्या मुख्य भूमीवर टुलेलिप जमातीचा प्रदेश आहे. त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची परंपरागत समजूत अशी, की सॅमन हे समुद्राखाली राहणारे एक लोककुळ आहे आणि ते दरवर्षी माशांचे रूप घेऊन माणसांना अन्न देण्यासाठी येते. म्हणून हंगामातला पहिला सॅमन पाहुणा समजून त्याचे स्वागत करायचे. एका महावृक्षाच्या ओंडक्यातून कोरलेल्या होडीतून त्याला आणायचे, गात गात सभागृहात न्यायचे, सर्वांनी त्याचा घास घ्यायचा, आणि त्याचे अवशेष सन्मानाने पाण्यात परत द्यायचे. पहिल्या पाहुण्याला मान मिळाला, तर बाकीचे येतील. अवमान झाला, तर येणार नाहीत. मिशन आणि सरकार यांच्या दडपणाखाली अशा अनेक चालीरीती लोपल्या. टुलेलिप लोकांनी हा सोहळा १९७० च्या दशकात पुन्हा सुरू केला. ख्रिस्ती वाचकांपुढे हे लिहिताना संकोच वाटतो, पण टाळता येत नाही: ज्या प्रथेला आपल्या धर्मबांधवांनी अंधश्रद्धा ठरवले, तिच्यात अन्नाविषयीची जी कृतज्ञता होती, ती माझ्या त्या सकाळच्या आनंदात नव्हती.

या कथेला आणखी एक पदर आहे. १८५५ साली या लोकांनी विशाल भूप्रदेश अमेरिकन सरकारला सोडून दिला, तेव्हा नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क करारात राखून ठेवला होता. पुढे तो हक्क कागदावरच राहिला. नद्यांवर धरणे झाली, जंगले तोडली गेली, डबाबंद मासळीचे कारखाने उभे राहिले, सॅमन घटला. आणि मग सॅमन वाचवण्याच्या नावाखाली अटक होऊ लागली ती जाळे टाकणाऱ्या मूळ रहिवाशांना. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, प्रथम पकडले; पुढे पन्नासहून अधिक वेळा. १९७४ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निर्णय दिला, की धरण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा करारातील जमातींचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तो मूलतः कायम ठेवला. त्या निर्णयाविरुद्ध सर्वाधिक ओरड करणाऱ्यांत हौशी गळवालेही होते.

यातून मला एक सावध होण्यासारखी गोष्ट दिसली. संयमाचा उपदेश बहुधा ज्याने आधी पोटभर घेतले आहे तो, ज्याला थोडेच मिळाले आहे त्याला करतो. आणि माझा रानातला मासा सोडण्याचा संयम तरी केवढा? त्या प्रदेशातील विजेचा मोठा भाग धरणांतून येतो. कोलंबिया नदीवरचे ग्रँड कूली धरण १९४२ साली पूर्ण झाले. त्याला मासे चढण्याची वाटच नाही, आणि त्याच्या वरची सारी नदी सॅमनला कायमची बंद झाली. भाच्याच्या घरी मी रात्री जो दिवा लावून वाचत बसे, त्याचाही या हिशेबात वाटा आहे. उलट, माणसाने मनावर घेतले तर वाट मोकळीही होते. एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली आणि मासे वर चढू लागले. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत हटवली, आणि त्याच वर्षी सॅमन त्या जागा ओलांडून वर गेले. तेव्हा किनाऱ्यावर एक पर तपासून आपण पुण्यवान झालो, असे मानण्यात अर्थ नाही.

होडीतला दिवस

दोन दिवसांनी आम्ही भाच्याच्या दोघांच्या कॅनूतून निघालो. येथेही धडे होतेच. ते पाणी भर उन्हाळ्यातही इतके थंड असते, की आत पडलेला माणूस प्रथम श्वासावरचा ताबा गमावतो आणि काही मिनिटांत त्याचे हातपाय चालेनासे होतात. म्हणून लाइफ जॅकेट जवळ ठेवायचे नाही, अंगावर घालायचे. उभे राहायचे नाही, किनारा सोडून दूर जायचे नाही, वारा सुटताच परतायचे. मासा धरायला दोघांनी एकाच बाजूला वाकायचे नाही. पाण्यापासून वीतभर उंचीवर बसल्यावर माणसाला आपले खरे आकारमान कळते.

तेथून उत्तरेला, कॅनडातील व्हँकूवर बेटावर, कॅम्पबेल रिव्हर नावाचे गाव आहे. तेथील 'टायी क्लब' १९२४ साली स्थापन झाला. तीस पौंडांहून मोठा चिनूक धरणाऱ्यालाच त्याचे सभासद होता येते. पण वल्ह्याच्या होडीतून, इंजिनाशिवाय, ठरावीक क्षमतेच्या बारीक दोरीने आणि कृत्रिम आमिषानेच. सहज करता येण्याजोगी गोष्ट त्यांनी स्वखुशीने अवघड करून घेतली आहे. पूर्वी मला असे निर्बंध हौशी लोकांचे चोचले वाटले असते. आता वाटते, की माणसाचे सामर्थ्य वाढत जाते तसतसे ते कोठे थांबवायचे हे कोणीतरी ठरवलेच पाहिजे. आणि जो स्वतः ठरवतो तो स्वतंत्र, ज्याच्यासाठी दुसऱ्याला ठरवावे लागते तो परतंत्र.

त्या दिवशी कॅनूत बसण्यापूर्वी मी भाच्याला सांगितले, "आज एक ठेवण्याजोगा मिळाला की थांबायचे. आणि सोडावा लागलेला एखादा वाईट जखमी झाला, तर त्या क्षणी दोऱ्या गुंडाळायच्या." परवान्याने याहून अधिक मुभा दिली होती. भाचा म्हणाला, "चालेल, मामा." दुपारी पर कापलेला एक कोहो मिळाला. दंडुका मी स्वतः मागून घेतला. ते काम भाच्यावर सोपवून मासा तेवढा खायचा, हे मला पटेना. माझा हात थरथरला, पण घाव चुकला नाही. आम्ही दोऱ्या गुंडाळल्या. रात्री मेजावर भोजनाची प्रार्थना मला म्हणायची होती. साठ वर्षे तोंडपाठ असलेली ती प्रार्थना त्या दिवशी म्हणताना दोनदा अडखळलो, कारण ज्याच्याबद्दल आभार मानायचे त्याचे डोळे मी पाहिले होते.

विस्तवावरची मासळी

मासा मारणे हेच पाप, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येईल असे मला वाटत नाही. पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान हे मासे धरूनच पोट भरीत. पुनरुत्थित प्रभूने स्वतः किनाऱ्यावर विस्तव पेटवून, त्यावर मासळी भाजून, रात्रभर श्रमलेल्या शिष्यांना न्याहारी दिली. त्या प्रसंगी जाळ्यात आलेल्या माशांची संख्याही योहानाने नोंदवून ठेवली आहे: १५३. या आकड्याचे गूढार्थ अनेकांनी सांगितले. मला आता त्यात साधा अर्थ दिसतो. मासेमार मासे मोजतात, कारण मोजल्याशिवाय वाटणी होत नाही. जे दान म्हणून मिळाले तेही मोजून घ्यायचे असते. सृष्टीवर सत्ता दिली असे आपण उत्पत्तीच्या आधारे म्हणतो. पण ती कारभाऱ्याची सत्ता आहे, आणि कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. तो रानातला कोहो सोडला, हे योग्यच झाले; आज तसा प्रसंग आला तर मीही भाच्यासारखाच वागेन. पण सोडल्यामुळे मी निर्दोष ठरलो नाही. 'मी सोडून दिला' या शब्दांत एक मोठा दिलासा दडलेला आहे, आणि तो दिलासा खोटा आहे. माशाचा जीव धोक्यात आला तो गळ टाकताना. सोडताना मी केवळ आणखी एक चूक टाळली. नियम पाळूनही माझे मन स्वस्थ झाले नाही, कारण माझा निर्णय उशिरा सुरू झाला होता: मासा हातात आल्यावर. तो सुरू व्हायला हवा होता गळ पाण्यात पडण्याआधी. मी कशासाठी आलो आहे? किती घेणार आहे? कोठे थांबणार आहे? माझ्या हातून इजा झाली तर काय करणार आहे? ही उत्तरे ज्याच्यापाशी तयार आहेत, त्याने जावे. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने काठावर बसून नुसते पाणी पाहावे. तेही कमी सुखाचे नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण त्या किनाऱ्यावर कधी उभे राहतील. पण गळ आपण सर्वच टाकतो. शब्दांचे टाकतो, आश्वासनांचे टाकतो, कधी एखाद्याच्या मनाशी नुसती गंमत म्हणून खेळून, 'मी काही त्याला धरून ठेवले नाही, सोडून दिले' असे म्हणत मोकळे होतो. सोडलेला मासा पोहत दूर गेला, हे आपण पाहतो. पाण्यातल्या तांबूस रेघेकडे पाहण्याचे धैर्य मात्र आपल्याला व्हायला हवे.

भाच्याचे नुकतेच पत्र आले आहे. यंदाही हंगाम सुरू झाला, असे तो लिहितो. त्याच्या धाकट्या मुलीला, माझ्या नातीला, तो या वर्षी प्रथमच किनाऱ्यावर नेणार आहे. तिला काय सांगू, असे त्याने मला विचारले आहे. मी उत्तरात लिहिले: "गळ हातात देण्याआधी तिला तो छोटा पर दाखव, आणि तो कशासाठी कापतात ते सांग. बाकीचे ती शिकेल."